वळणात अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर

मोटार वळणात असताना चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, तर फक्त वेग कमी होत नाही. स्टिअरिंग तसूभरही न हलवता मोटारीचा मार्ग बदलतो. बहुतेक मोटारी अशा वेळी वळणाच्या आतल्या बाजूला ओढल्या जातात. काहींची मागची बाजू बाहेर सरकते, आणि पकड संपत आली असेल तर मोटार स्वतःभोवती गिरकीही घेते. मार्ग थोडासा आवळला जाण्याला अभियंते ‘टक-इन’ म्हणतात आणि मागची चाके बाहेर घसरण्याला ‘लिफ्ट-ऑफ ओव्हरस्टिअर’. दोन्हींचे मूळ एकच. कोणते घडणार, हे त्या क्षणी मागच्या टायरांकडे किती पकड शिल्लक आहे यावर ठरते.

पाय उचलताच इंजिनाचा रेटा थांबतो आणि इंजिनच चाकांना मागे खेचू लागते. त्यात हवेचा आणि टायरांचा विरोध मिसळतो. मोटारीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून उंच असल्यामुळे वेग घटताना पुढच्या चाकांवरचा भार वाढतो आणि मागच्या चाकांवरचा तेवढाच घटतो. किती, ते चार गोष्टींवर ठरते: वस्तुमान, वेग घटण्याचा दर, गुरुत्वमध्याची उंची आणि पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस. स्प्रिंग किंवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलून ही एकूण सरक बदलत नाही. ती किती झटक्यात होते, एवढेच त्यांच्या हातात असते. कडक स्प्रिंग बसवल्या की ‘वजन पुढे जात नाही’ ही गॅरेजमधली समजूत म्हणूनच चुकीची आहे.

एक हिशेब मांडून पाहता येतो. माणसांसह १,१०० किलोंची छोटी हॅचबॅक, गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटर उंचीवर, व्हीलबेस अडीच मीटर, ६२ टक्के वजन पुढे. सपाट जमिनीवर मागच्या चाकांवर ४१८ किलोंचा भार येतो. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ८० किलोमीटरच्या आसपास पाय पूर्ण उचलला आणि वेग गुरुत्वत्वरणाच्या ०.१२ पट दराने घटू लागला, असे धरू. तेव्हा सुमारे २९ किलो भार मागून पुढे जातो आणि मागे ३८९ उरतात. चालक आधीपासून रेस देत वळणातून बाहेर पडत असेल आणि त्याने अचानक पाय उचलला, तर फरक आणखी मोठा. वेग ०.१ पट दराने वाढत असताना मागे ४४२ किलो असतात. तेथून थेट ३८९, म्हणजे ५३ किलोंची घट.

मागच्या भारातली १२ टक्के घट ऐकायला फार वाटत नाही. या विषयावरच्या लिखाणात ‘वजन पुढे जाते, म्हणून मागची पकड सुटते’ एवढे सांगून थांबण्याची पद्धत आहे, पण खरी गोम त्यापुढे आहे. वळणात मागच्या टायरांना जो आडवा जोर लावावा लागतो तो त्यांच्यावरच्या त्या क्षणीच्या भारावर अवलंबून नसतो. मोटारीचे वस्तुमान कुठे किती विभागले आहे आणि वळण किती वेगाने घेतले जात आहे, यावर तो ठरतो, आणि पाय उचलल्याने वस्तुमान जागचे हलत नाही. टायरांची पकडीची क्षमता मात्र भाराबरोबर कमी होते. वरच्या मोटारीचे आडवे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.७ पट आणि कोरड्या रस्त्याचा घर्षणांक ०.८५ धरला, तर मागच्या चाकांची गरज २९३ किलोंइतकी आणि क्षमता ३५५ किलोंइतकी येते. हाताशी ६२ किलोंची शिल्लक आहे. पाय उचलल्यावर गरज तीच राहते, क्षमता ३३१ होते आणि शिल्लक ३८ वर येते. भार ७ टक्क्यांनी घटला, शिल्लक मात्र जवळपास ४० टक्क्यांनी. हा हिशेब ढोबळ आहे, कारण टायरवरचा भार कमी झाला की प्रत्येक किलोमागे मिळणारी पकड थोडी वाढते आणि नुकसान काही अंशी भरून निघते. तरीही चित्राची दिशा बदलत नाही.

पकड संपण्याच्या कितीतरी आधी मोटार वळू लागते, याचे कारण टायरच्या स्वभावात आहे. रबरी टायर वळणात ज्या दिशेला तोंड करून असतो, नेमका त्याच दिशेने जात नाही. दोन्हींत काही अंशांचा कोन राहतो. त्याला स्लिप कोन म्हणतात, आणि त्या कोनातूनच आडवा जोर निर्माण होतो. भार वाढलेला पुढचा टायर तेवढ्याच कोनात जास्त जोर देतो, हलका झालेला मागचा टायर कमी. पुढे जोर वाढला, मागे घटला, की मोटारीला आतल्या बाजूला फिरवणारे बल तयार होते. मागचा टायर आपला कोन वाढवून पुन्हा तोल साधतो. कोन वाढवायला जागा असेल, तर चालकाला फक्त मार्ग आवळल्याचे जाणवते. कोन आधीच कमाल मर्यादेजवळ असेल, तर तो वाढवूनही जोर मिळत नाही आणि मागची बाजू सरकतच राहते.

वेळेचाही भाग आहे, आणि त्याच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. भाराची सरक सेकंदाच्या काही दशांशांत पूर्ण होते. वेग कमी झाल्याचा फायदा मात्र सावकाश मिळतो. ताशी ८० किलोमीटरवरून वरच्या दराने एका सेकंदात वेग सुमारे पाच टक्के घटतो आणि आडव्या जोराची गरज दहा टक्क्यांनी कमी होते. म्हणजे तोटा आधी पदरात पडतो, लाभ नंतर. वळणात वेग जास्त झाला असे वाटून पाय उचलणे तर्काला धरून असले, तरी त्या पहिल्या क्षणात मोटार अधिक अस्थिर होते ती यामुळेच.

कोणती चाके इंजिनाला जोडलेली आहेत, यानेही चित्र बदलते. टायरची एकूण पकड मर्यादित असते. पुढे-मागे ओढण्यात ती खर्च झाली तर आडव्या दिशेसाठी कमी उरते. पुढची चाके ओढणाऱ्या मोटारीत रेस देताना पुढचे टायर दोन्ही कामे करत असतात, म्हणून ती बाहेर ओढली जाते. पाय उचलताच हे ओढणे थांबते, पुढच्या टायरांना मोकळीक मिळते, शिवाय भारही वाढतो. इंजिनाचे मागे खेचणे पुढच्याच चाकांवर येत असल्याने थोडी पकड तेथे खर्च होते, पण एकूण परिणाम आतल्या बाजूला वळण्याचाच. मागची चाके ढकलणाऱ्या मोटारीत ते खेचणे नेमके हलक्या झालेल्या मागच्या टायरांवर पडते. कोरड्या रस्त्यावर हा वाटा किरकोळ आहे. वजन दोन्हीकडे सारखे विभागलेले आणि इंजिनाचे खेचणे एकूण वजनाच्या एक दशांश असेल, तर मागची आडवी क्षमता तीनेक टक्क्यांनीच कमी होते. पण घर्षणांक ०.३ इतका खाली आला, जसा चिखलाने माखलेल्या रस्त्यावर येऊ शकतो, तर तीच घट जवळपास ३० टक्क्यांवर जाते. खालचा गिअर टाकून क्लच झटक्यात सोडला तर याहून वाईट.

अंडरस्टिअर (मोटार वळणाच्या बाहेर ओढली जाणे) आणि ओव्हरस्टिअर या संज्ञांना अभियांत्रिकी अर्थ मिळाला तो १९३०च्या दशकात. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेला इंग्लिश अभियंता मॉरिस ओली याचे काम त्यामागे होते. १९५०च्या दशकात कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत विल्यम मिलिकन, लिओनार्ड सेगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानांच्या स्थैर्याचे गणित मोटारीला लावले आणि चालकाची जाणीव समीकरणात बसवता येते हे दाखवले. रस्त्यावर मात्र लिफ्ट-ऑफचा धडा इंजिन मागे असलेल्या मोटारींनी शिकवला.

१९६० सालच्या मॉडेलपासून विक्रीला आलेली शेवरोले कॉर्व्हेअर ही त्यांतली सर्वाधिक चर्चिली गेलेली. इंजिन मागे, आणि मागच्या चाकांना स्विंग अ‍ॅक्सल. या रचनेत अर्धा अ‍ॅक्सल एका सांध्याभोवती वरखाली होतो, त्यामुळे मागची बाजू उचलली गेली की चाक खालून आतल्या बाजूला दुमडू पाहते आणि टायर कडेवर येतो. जोरदार वळणात ही उचल होतेच; पाय उचलल्याने मागचा भार हटून तिला हातभार लागतो. कंपनीने उपाय म्हणून टायरमध्ये हवाच वेगवेगळी सुचवली होती, पुढे १५ पौंड आणि मागे २६ पौंड, म्हणजे पुढचा टायर मुद्दाम ढिला. सर्व सुरक्षितता पेट्रोल पंपावरच्या हवेच्या नळीवर सोपवणारी ही तजवीज होती आणि ती टिकण्यासारखी नव्हतीच. १९६४च्या मॉडेलमध्ये पुढे अँटी-रोल बार व मागे आडवी पट्टी-स्प्रिंग आली, १९६५ला स्विंग अ‍ॅक्सलच काढून टाकला. त्याच वर्षी राल्फ नेडर यांच्या ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ या पुस्तकाने कॉर्व्हेअरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. अमेरिकी महामार्ग सुरक्षा प्रशासनाने १९७२मध्ये मात्र निष्कर्ष काढला की १९६० ते ६३ची कॉर्व्हेअर समकालीन मोटारींपेक्षा उलटण्यात किंवा ताबा सुटण्यात वाईट नव्हती. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात: त्या काळच्या अनेक मोटारी मर्यादेजवळ धोकादायक होत्या.

पोर्शे ९११ची गोष्ट अधिक बोधप्रद आहे, कारण तिथे दोष नाकारला गेला नाही आणि रचनाही सोडली गेली नाही. १९६३मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडलेल्या या मोटारीचे इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लटकलेले, सुमारे ६० टक्के वजन मागच्या चाकांवर आणि व्हीलबेस अवघा २,२११ मिलिमीटर. मागे वजन असल्याने रेस देताना तिची पकड उत्तम. मागच्या टायरांची गरज मात्र तेवढीच मोठी, आणि आखूड व्हीलबेसमुळे पाय उचलताच भाराची सरकही जास्त. इतके वजन टोकाला असल्यामुळे एकदा मागची बाजू फिरू लागली की थांबवणे अवघड. सुरुवातीच्या काही गाड्यांत पुढच्या बंपरमध्ये लोखंडी वजने बसवली गेली. मग १९६९च्या मॉडेलसाठी मागची चाके ५७ मिलिमीटर मागे नेऊन व्हीलबेस वाढवला आणि एका बॅटरीऐवजी दोन बॅटऱ्या पुढच्या टोकाला ठेवल्या. १९७०च्या दशकाच्या मध्यात आलेल्या टर्बो आवृत्तीने प्रश्न पुन्हा तीव्र केला: टर्बोचा जोर उशिराने आणि एकदम यायचा, घाबरलेला चालक पाय उचलायचा, आणि मोटार ढकलण्याच्या टोकावरून खेचण्याच्या टोकाला जायची.

खरी उकल चाकाच्या दिशेत सापडली. मागचे चाक मोटारीच्या सांगाड्याशी रबरी बुशांनी जोडलेले असते. पाय उचलल्यावर चाकावर मागच्या दिशेने बल येते, बुश दबतात, आणि त्या काळच्या नेहमीच्या सेमी-ट्रेलिंग आर्म रचनेत बाहेरचे चाक किंचित बाहेरच्या दिशेला तोंड करते. कोनाचा हा अंश नगण्य दिसतो. प्रत्यक्षात मागची चाके मोटारीची मागची बाजू बाहेर नेणारे स्टिअरिंगच करत असतात, तेही नेमक्या नको त्या क्षणी. पोर्शेच्या वाइसाख येथील विकास केंद्रातील अभियंत्यांनी सांधे असे मांडले की तेच बल आल्यावर चाक उलट आत वळावे. १९७७च्या पोर्शे ९२८मध्ये हा ‘वाइसाख अ‍ॅक्सल’ आला. मर्सिडीज-बेंझने १९८२च्या १९० मॉडेलमध्ये प्रत्येक मागच्या चाकाला पाच दांडे देऊन हाच हेतू साधला आणि ९११ला १९९३च्या आवृत्तीत मल्टिलिंक रचना मिळाली. रबरी बुशाचा लवचीकपणा हा दोष न मानता त्यालाच कामाला लावणे, ही गेल्या अर्धशतकातली या विषयातली सर्वांत सुंदर कल्पना म्हणावी लागेल.

पुढची चाके ओढणाऱ्या छोट्या मोटारींचा मार्ग वेगळा होता. त्यांचा मूळ कल बाहेर जाण्याचा, म्हणून चपळाई आणण्यासाठी रचनाकारांनी मागची बाजू मुद्दाम मोकळी ठेवली. १९८४ची प्यूजो २०५ जीटीआय याचे ठळक उदाहरण. हलकी मागची बाजू आणि वळणात हवेत उचलले जाणारे आतले मागचे चाक, यांमुळे पाय उचलताच ती फिरायची. जाणकारांना याचा आनंद वाटे. नवख्याने ओल्या रस्त्यावर घाबरून पाय उचलला की तीच चपळाई त्याला शेतात नेऊन सोडी. रॅलीचे चालक मात्र हा गुण हत्यारासारखा वापरत. मोटार वळणाकडे तोंड करायला नकार देत असेल, तर पाय क्षणभर उचलून तिची मागची बाजू सैल करायची आणि लगेच पुन्हा रेस द्यायची. माँटे कार्लो रॅली १९६२ आणि १९६३मध्ये जिंकणारा स्वीडनचा एरिक कार्लसन यासाठी डाव्या पायाने ब्रेक दाबत उजव्याने रेस चालू ठेवी. त्याच्या साब ९६ मोटारीत टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळत असल्यामुळे फ्रीव्हील बसवलेले असे. फ्रीव्हील चालू असताना पाय उचलला की इंजिन चाकांपासून सुटे, इंजिनाचा ब्रेक मिळतच नसे, आणि भार पुढे आणण्याचे काम पायाच्या ब्रेकवर येई.

भारतातही मागे इंजिन असलेल्या मोटारीचा प्रयोग झाला. टाटा नॅनोचे दोन सिलिंडरचे इंजिन मागच्या आसनाखाली होते. तिला पुढे १३५ मिलिमीटर रुंदीचे आणि मागे १५५ मिलिमीटरचे टायर दिलेले होते. कॉर्व्हेअरने हवेच्या दाबातून जे साधायचा प्रयत्न केला, ते इथे टायरच्या मापातूनच पक्के केले गेले, आणि हा मार्ग कितीतरी शहाणपणाचा.

या वागण्याचे मोजमाप करण्यासाठी आयएसओ ९८१६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९३ची. चालक ठरावीक त्रिज्येच्या वर्तुळावर स्थिर वेगाने फिरतो, स्टिअरिंग घट्ट धरून ठेवतो आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडतो. मग मोटार किती वेगाने फिरली, ती वर्तुळातून किती आत आली, मोटारीचा स्लिप कोन किती वाढला, हे नोंदले जाते. चाचणी दर फेरीला वाढत्या वेगाने होते. फिरण्याचा दर त्या त्या क्षणीच्या वेगाला साजेशा दराहून किती वर गेला, हे पाहण्यातून मोटारीचा स्वभाव कळतो. थोडे वर जाणे इष्टच आहे. वळण अपेक्षेपेक्षा आवळत गेले आणि चालकाने पाय उचलला, तर मोटारीने आत यावे हीच त्याची अपेक्षा असते. पाय उचलूनही सरळ जाणारी मोटार कड्यावरून खाली नेईल. चांगल्या मांडणीची कसोटी वाढ किती झाली यापेक्षा ती किती हळुवार झाली, यात आहे.

महाराष्ट्रातल्या घाटांत या सगळ्या गोष्टी एकत्र येतात. उतारावर मोटार उभी असली तरी भार पुढे झुकलेला असतो. बारास एक उतारावर वरच्या हॅचबॅकच्या मागच्या चाकांवरून २० किलो आधीच कमी झालेले असतात; त्यात वेग वरच्याच दराने घटवल्याचे २९ मिळाले की सपाटीच्या तुलनेत जवळपास ५० किलोंची तूट. पावसाळ्यात ताम्हिणी किंवा आंबोलीत रस्त्यावर वाहून आलेली माती असते, आणि जूनच्या पहिल्या सरींनी तेल-धूळ सैल होऊन तयार झालेला थर त्याहून घसरडा. डिकी भरलेली आणि टपावर कॅरिअर असेल तर गुरुत्वमध्य वर जातो व मागचे वस्तुमान वाढते, म्हणजे सरक आणि गरज दोन्ही वाढतात. याच्या जोडीला एक सवय घातक ठरते: दोनच नवे टायर घेतले की ते पुढे टाकायचे. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत टायर असलेली मोटार ओल्या वळणात पाय उचलताच मागून सुटते, आणि पुढची पकड उत्तम असल्यामुळे चालकाला आधी कसलीच सूचना मिळत नाही. टायर कंपन्या नवी जोडी मागे टाकायला सांगतात ती यासाठी.

उतरताना न्यूट्रलमध्ये मोटार सोडणे हा लिफ्ट-ऑफवरचा उपाय नव्हे. इंजिनाचे खेचणे जाते, पण वेग ब्रेकनेच आवरावा लागतो, आणि ब्रेकची भार-सरक इंजिनाच्या कितीतरी पट असू शकते. इंधनाचीही बचत होत नाही, कारण इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये पाय उचललेला असताना इंधन बंदच होते. वळणाआधी सरळ रस्त्यावर वेग उतरवून योग्य गिअर टाकणे आणि वळणात हलकी, स्थिर रेस ठेवणे, ही जुन्या चालकांची पद्धत मागच्या चाकांवरचा भार जागेवर ठेवते. वळणात वेग कमी करावाच लागला तर पाय सावकाश उचलावा. मागची बाजू सुटलीच, तर ती जिकडे सरकते तिकडे स्टिअरिंग फिरवावे, ब्रेक टाळावा, आणि पकड परतताच स्टिअरिंग तितक्याच चपळाईने सरळ करावे. नाहीतर मोटार उलट्या बाजूला झोकांडी खाते.

१९९५मध्ये बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी ईएसपी ही स्थैर्य-नियंत्रण यंत्रणा रस्त्यावर आणली, तेव्हापासून हे काम यंत्रणा चालकाच्या आधी करू लागली. स्टिअरिंगचा कोन आणि मोटारीचे प्रत्यक्ष फिरणे जुळेनासे झाले की ती बाहेरच्या पुढच्या चाकाला एकट्याला ब्रेक लावते आणि गिरकीला विरोध करणारे बल उभे करते. इंजिनाच्या खेचण्याने चालती चाके घसरू लागली, तर दुसरे एक नियंत्रण पाय वर असतानाही इंजिनाचा जोर थोडा वाढवते. मोटारींच्या सुरक्षिततेला तारे देणारे भारत एनकॅप २०२३मध्ये सुरू झाले, त्यात तीन किंवा त्याहून अधिक तारे मिळवायला अशी स्थैर्य-नियंत्रण यंत्रणा आवश्यक आहे. ती टायरची पकड वाढवू शकत नाही, शिल्लक पकडीचा वापर मात्र कोणत्याही चालकापेक्षा लवकर करते.

विजेच्या मोटारींनी हा विषय पुन्हा उघडला आहे. बॅटरी तळाशी असल्याने त्यांचा गुरुत्वमध्य खाली असतो आणि व्हीलबेस बहुधा लांब; म्हणून भाराची सरक त्याच दराला कमी होते. पण दर मोठा असतो. चाके फिरवणारी विद्युत मोटर जनित्रासारखी चालून वीज परत घेते तेव्हा नुसता पाय उचलल्याने गुरुत्वत्वरणाच्या ०.२ पट किंवा त्याहून जास्त दराने वेग घटू शकतो, पेट्रोल मोटारीपेक्षा बराच अधिक. ही मोटर मागच्या चाकांना जोडलेली असेल, जशी महिंद्राच्या चाकणमध्ये बनणाऱ्या बीई ६ मध्ये आहे, तर हे सगळे खेचणे मागच्या दोन टायरांवर येते. वजन समसमान विभागलेले आणि खेचणे ०.२ पट असेल, तर कोरड्या रस्त्यावर त्या टायरांची आडवी क्षमता चौदाएक टक्क्यांनी घटते, घर्षणांक ०.५ असलेल्या ओल्या रस्त्यावर ती निम्मी होते. म्हणूनच चाक घसरू लागल्याची चाहूल लागताच ही पुनर्प्राप्ती आपोआप कमी करावी लागते. विजेच्या मोटारीचा जोर सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात बदलता येत असल्यामुळे ते इंजिनापेक्षा अचूकपणे साधते. एकाच पेडलने वेग वाढवण्या-घटवण्याच्या ‘वन-पेडल’ पद्धतीत शून्य जोराची जागा पेडलच्या प्रवासात कुठेतरी मध्ये असते, आणि तिच्यावर पाय टिकवायला चालकाला नव्याने शिकावे लागते. मागून येणाऱ्यांसाठीही तो ब्रेकच असतो: संयुक्त राष्ट्रांच्या आर१३-एच नियमानुसार पुनर्प्राप्तीमुळे वेग प्रति सेकंद १.३ मीटर प्रति सेकंदाहून जास्त दराने घटत असेल, तर ब्रेक पेडलला स्पर्श न होताही मागचे लाल दिवे लागले पाहिजेत.